पिकअप गाडीच्या डिझेल टाकीचे संरक्षण

शेतातील माल बाजारपेठेत पोहोचविण्याचे जे काम एके काळी बैलगाडीकडे होते, ते आज महाराष्ट्रातील बहुतेक बागायती गावांत पिकअप गाडीकडे आले आहे. नारायणगावचा टोमॅटो, पिंपळगाव बसवंतकडील द्राक्षे, लासलगाव परिसरातील कांदा, पुरंदरचा वाटाणा व अंजीर, असा कितीतरी माल ह्या गाड्यांतून जातो. भाजीपाल्याची गाडी बहुधा दिवस मावळताना भरली जाते, रात्रभर चालते आणि पहाटे वाशीच्या अथवा पुण्याच्या बाजार-आवारात उभी राहते. म्हणजे गाडीचा मुक्काम नेमका अंधारात व अनोळखी जागी पडतो. गाडीला कुलूप असते, मालावर ताडपत्री व दोर असतो; परंतु चाकामागे उघड्यावर लटकणाऱ्या डिझेलच्या टाकीकडे पुष्कळदा कोणाचेच लक्ष नसते.

नव्वद रुपये लिटर असा भाव धरला तर चाळीस लिटर डिझेल म्हणजे ३,६०० रुपये झाले. छोट्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही. तथापि खरे नुकसान त्याहून मोठे असते. टाकी रात्रीतून रिकामी झालेली चालकाला कळत नाही आणि माळशेज घाटाच्या चढावर गाडी बंद पडते. तोवर बाजारातील लिलाव सुरू झालेला असतो. दुपारी पोहोचलेल्या टोमॅटोला सकाळचा भाव मिळत नाही, हे प्रत्येक उत्पादकास ठाऊक आहे. शिवाय डिझेल पूर्ण संपून इंजिन बंद पडले की नळ्यांत हवा शिरते, आणि ती हातपंपाने काढल्याखेरीज गाडी पुन्हा सुरू होत नाही. अलीकडच्या कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनांत तर डिझेलच्या दाबपंपाला वंगण डिझेलचेच मिळते. हा पंप एक हजार बारहून अधिक दाबावर काम करतो. तो कोरडा फिरला तर झिजतो, आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्च चोरलेल्या डिझेलच्या किमतीच्या कितीतरी पट होतो.

टाकीला धोका कोठून असतो हे समजण्यासाठी तिची रचना पाहिली पाहिजे. पिकअप गाडीची टाकी सामान्यतः मालाच्या हौद्याखाली चासीच्या एका बाजूस पट्ट्यांनी बांधलेली असते. तिला डिझेल भरण्याचे तोंड व झाकण असते. इंजिनाकडे डिझेल नेणारी व उरलेले डिझेल परत आणणारी अशा दोन नळ्या असतात. आतील पातळी दाखविणारा तरंगीचा काटा वरच्या बाजूस बसविलेला असतो. हवा आत-बाहेर जाण्यासाठी बारीक श्वासमार्ग असतो. आणि बहुतेक टाक्यांच्या तळाशी गाळ व पाणी काढण्याचे बूच असते. पैकी वरचे तोंड, तळाचे बूच आणि रबरी नळ्यांचे सांधे ही तीन ठिकाणे चोराच्या हाताला सहज लागतात. टाकीचा पत्राच फोडण्याचा प्रकार त्या मानाने कमी, पण तो सर्वांत वाईट. कारण त्यात टाकीही जाते आणि उरलेले डिझेल जमिनीत मुरते.

वरच्या तोंडातून होणाऱ्या चोरीमागे वक्रनळीचे तत्त्व आहे. नळीचे एक टोक डिझेलमध्ये बुडलेले असावे, दुसरे टोक डिझेलच्या पातळीपेक्षा खाली असावे आणि नळी एकदा भरून वाहू लागावी, म्हणजे पुढे पंपाची जरूर राहत नाही. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी हे चावडीवर पाण्याची एक बादली, एक रिकामी बाटली व हातभर पारदर्शक नळी घेऊन दाखवावे. नळी बादलीत पूर्ण बुडवून पाण्याने भरून घ्यावी, एक टोक अंगठ्याने बंद करून ते बादलीबाहेर खाली ठेवलेल्या बाटलीत सोडावे. मग नळीच्या आतल्या टोकाभोवती बारीक जाळीचा तुकडा गुंडाळून पाहावे. प्रवाह चालूच राहतो. पण तीच जाळी बादलीवर ताणून बांधली तर नळी आत जातच नाही. टाकीच्या तोंडातील जाळीचे काम हे दुसऱ्या प्रकारचे आहे, हे एवढ्या प्रयोगावरून लोकांच्या ध्यानात येते. प्रयोग पाण्यानेच करावा. डिझेल तोंडाने ओढण्याची जी सवय कित्येक चालकांना आहे ती अत्यंत घातक होय. घोटभर डिझेल श्वासनलिकेत गेले तरी फुप्फुसांना गंभीर दाह होतो. असा प्रसंग घडल्यास रोग्यास उलटी करविण्याचा प्रयत्न न करता त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे.

पहिला व सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कुलपाचे झाकण. मात्र ते घेताना एक गोष्ट कटाक्षाने पाहावी. टाकीतील डिझेल जसजसे कमी होते तसतशी तितकीच हवा आत यावी लागते. काही गाड्यांत ह्यासाठी वेगळी नळी असते, तर काहींत ती सोय झाकणातच केलेली असते. अशा गाडीला श्वासछिद्र नसलेले घट्ट झाकण बसविले, तर टाकीत पोकळी निर्माण होऊन इंजिनास डिझेल मिळेनासे होते व गाडी धापा टाकू लागते. चालक फिल्टर बदलतो, मिस्त्री पंप खोलतो, आणि दोष असतो तो नव्या झाकणात. यास्तव झाकण गाडीच्या त्याच नमुन्याचे घ्यावे. कुलपाच्या फटीत माती व पाणी जाऊ नये म्हणून तिच्यावर सरकती पट्टी असणे इष्ट. तारेच्या साखळीला अडकविलेले साधे लोंबते कुलूप लावण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ते पान्याच्या एका हिसक्याने तुटते आणि एरवी खडखडत राहून तोंडाचा पत्रा झिजविते.

झाकणाच्या खाली, तोंडाच्या नळीत, बसवायची जाळी किंवा छिद्रांची नळी हा दुसरा अडसर होय. नव्या गाड्यांत तोंडाच्या नळीला मुळातच वळण दिलेले असते व त्यामुळे बाहेरची नळी टाकीपर्यंत पोहोचणे कठीण होते. तेथे जाळीची जरूर नाही. जुन्या गाड्यांत व ट्रॅक्टरांत मात्र ती उपयोगी पडते. जाळी ॲल्युमिनियमची अथवा न गंजणाऱ्या पोलादाची असावी. तांबे, पितळ व जस्त ह्या धातूंच्या सान्निध्यात डिझेल लवकर बिघडते, म्हणून घरातील पितळी चाळणी कापून बसविण्याचा उद्योग करू नये. छिद्रे फार बारीक असली तर पंपावर डिझेल भरताना फेस वर येतो आणि टाकी भरल्याचा खोटा भास होतो, हेही लक्षात असू द्यावे.

टाकीच्या तळाचे बूच हे खरे दुर्लक्षित ठिकाण. वरच्या झाकणाला महागडे कुलूप आणि खाली साध्या पान्याने फिरणारे बूच, अशा गाड्या कोणत्याही बाजार-आवारात दिसतील. बुचाच्या डोक्यास आडवे बारीक छिद्र पाडून त्यातून मऊ तार ओवावी, ती जवळच्या पट्टीस पीळ देऊन बांधावी आणि टोकांवर शिशाची मोहोर दाबावी. विजेच्या मीटरवर असते तशीच ही मोहोर होय. तिने चोरी थांबत नाही. चोरी झाली हे मात्र सकाळी एका दृष्टिक्षेपात कळते, आणि रिकाम्या टाकीनिशी घाटाला लागण्याचे टळते. छिद्र पाडण्यासाठी बूच काढून बाहेर आणावे. टाकीवर गिरमिट चालवू नये.

त्यानंतर टाकीभोवतीचे कवच. दोन ते तीन मिलिमीटर जाडीचा नक्षीचा पत्रा वाकवून टाकीच्या बाहेरच्या व खालच्या बाजूस झापण केल्यास बूच, नळ्यांचे सांधे व पत्रा ही तिन्ही ठिकाणे एकदम झाकली जातात. हे काम गावातील चांगला फॅब्रिकेटर करू शकतो, पण त्यास नीट सूचना दिल्या पाहिजेत. कवच टाकीला किंवा टाकीच्या पट्ट्यांना न बांधता चासीला मूळच्याच छिद्रांतून बोल्टांनी बसवावे. चासीला नवी छिद्रे पाडू नयेत, कारण तेथूनच पुढे तडा जातो. टाकी व कवच ह्यांत बोटभर अंतर असावे, नाहीतर खडबडीत रस्त्यावर पत्रा पत्र्याला घासून टाकीलाच भोक पडते. खालच्या पत्र्यास दोन-तीन मोठी भोके ठेवावीत म्हणजे चिखल व पाणी साचून गंज चढणार नाही, आणि कोठे गळती सुरू झाली तर तीही दिसेल. धुराची नळी त्याच बाजूने जात असेल तर कवच तिच्यापासून दूर राहील असे पाहावे. बोल्ट गोल डोक्याचे वापरून त्यांच्या चाक्या आतल्या बाजूस घ्याव्यात. बाहेरून पाना लावण्यास जागाच उरत नाही.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. टाकी गाडीवर असताना तिच्यावर अथवा तिच्या लगत वेल्डिंग करू नये. टाकी रिकामी असली तर धोका नाही, ही समजूत नेमकी उलटी आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीत हवा व डिझेलची वाफ ह्यांचे मिश्रण अधिक असते आणि ठिणगीने अथवा उष्णतेने ते पेट घेऊन टाकी फुटते. कवचाचे सर्व वेल्डिंग बाहेर करून मग ते बोल्टांनी बसवावे. टाकीलाच डाग द्यावयाचा असेल तर ती उतरवून, वाफेने आतून स्वच्छ करून देणाऱ्या जाणत्या कारागिराकडे न्यावी. तसेच टाकीची जागा बदलणे किंवा जादा टाकी बसविणे हा कारखान्याने ठरविलेल्या रचनेतील फेरफार होतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये अशा फेरफारास निर्बंध आहे. सबब परिवहन कार्यालयाकडे विचारणा केल्याशिवाय त्या मार्गास जाऊ नये.

चोरीइतकाच, किंबहुना गावात त्याहून अधिक बोलला जाणारा प्रकार म्हणजे टाकीत काहीतरी टाकण्याचा. बांधाचा वाद, निवडणुकीतील वैर, भाऊबंदकी ह्यांतून असे प्रकार घडतात. टाकीत साखर टाकली की इंजिन जाम होते असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः साखर डिझेलमध्ये विरघळत नाही. ती तळाशी बसते, फार तर फिल्टर तुंबविते. टाकी धुऊन व फिल्टर बदलून काम भागते. खरा शत्रू पाणी होय. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी जाते आणि डिझेल ओढणारी नळीही तळाजवळच असते. त्यायोगे इंजेक्टर व पंप ह्यांचे घासून गुळगुळीत केलेले भाग गंजतात. पाणी व डिझेल ह्यांच्या सीमेवर सूक्ष्मजंतू वाढून काळसर बुळबुळीत गाळ तयार होतो व तो फिल्टर वारंवार बंद पाडतो. रॉकेलच्या भेसळीने इंजिन बंद पडत नाही, म्हणून ती लवकर कळत नाही. परंतु रॉकेलला डिझेलइतका वंगणगुण नसल्याने पंपाची झीज वाढत राहते. रस्त्यावर कॅनमधून स्वस्त मिळणारे डिझेल घेणाऱ्याने ह्याचा विचार करावा. ते भेसळीचे तरी असते किंवा दुसऱ्या कोणाच्या टाकीतले तरी.

दि. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे प्रदूषणमान लागू झाल्यावर काही डिझेल वाहनांत युरियाच्या द्रावणाची वेगळी लहान टाकी आली आहे. तिचे झाकण बहुधा निळे असते. हे द्रावण ३२.५ टक्के शुद्ध युरिया व शुद्ध पाणी ह्यांचे असते आणि ते धुराच्या मार्गात फवारले जाते. ते चुकून डिझेलच्या टाकीत ओतले तर संपूर्ण डिझेलयंत्रणा बिघडते. ह्याउलट, गोदामातील खताचा युरिया पाण्यात कालवून निळ्या झाकणाच्या टाकीत घालणेही तितकेच नुकसानकारक होय. दोन्ही झाकणांना कुलपे लावून किल्ल्या एकाच माणसाकडे दिल्यास हा घोटाळा टळतो.

टाकीत काही मिसळल्याचा संशय आल्यास किल्लीसुद्धा फिरवू नये, कारण काही गाड्यांत किल्ली फिरविताच विजेवर चालणारा पंप डिझेल पुढे ढकलू लागतो. बूच किंचित सैल करून तळाचे अर्धा लिटर डिझेल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्यावे व अर्धा तास स्थिर ठेवावे. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो. गढूळपणा किंवा खडे दिसले तरी तेच समजावे. मग टाकी पूर्ण रिकामी करून धुवावी, फिल्टर बदलावा आणि पाणी वेगळे करणाऱ्या भांड्याचा निचरा करून मगच इंजिन चालवावे. नमुन्याची बाटली फेकू नये. तक्रारीच्या वेळी ती उपयोगी पडते.

ह्यानंतरचा विषय नाजूक आहे. डिझेल कमी पडू लागले की मालकाचा पहिला संशय चालकावर जातो. तो कधी खरा असतो. पण पुरावा नसताना बोललेला शब्द वर्षांचा भरवशाचा माणूस घालवितो आणि चोर बाजूलाच राहतो. ह्यावर हिशेबाची वही हा एकच न्याय्य उपाय आहे. प्रत्येक वेळी टाकी त्याच खुणेपर्यंत पूर्ण भरावी. किलोमीटरचा आकडा व भरलेले लिटर लिहून ठेवावे. समजा, मागच्या भरणीपासून गाडी ४०८ किलोमीटर चालली आणि ३४ लिटर डिझेल बसले, तर लिटरला १२ किलोमीटर पडले. तेवढाच माल व तोच रस्ता असताना पुढच्या खेपेस ४० लिटर बसले, तर सहा लिटरांचा उलगडा व्हावयास हवा. तो करताना आधी टायरमधील हवा, हवेचा फिल्टर, चाक धरून ठेवणारा ब्रेक आणि बाजार-आवारात इंजिन चालू ठेवून घालविलेला वेळ तपासावा. लागोपाठ तीन-चार भरण्यांत तफावत राहिली व ह्यांपैकी काहीच सापडले नाही, तर मग चोरीचा विचार करावा. वहीवर चालकाचीही सही असावी. तिच्यामुळे मालकाइतकेच संरक्षण चालकालाही मिळते.

ट्रॅक्टरच्या बाबतीत किलोमीटरऐवजी तासांचा काटा धरावा. ट्रॅक्टरची टाकी सरळ तोंडाची असल्याने तीत लाकडी मोजपट्टी घालून पातळी पाहता येते. मात्र दुपारी व पहाटे घेतलेली मापे तंतोतंत जुळणार नाहीत. डिझेल उष्णतेने प्रसरण पावते. पन्नास लिटर डिझेल दहा अंशांनी थंड झाले तर सुमारे ४०० मिलिलिटरने आकुंचन पावते. एवढ्या फरकावरून गड्याला बोल लावणे योग्य नव्हे. ऊसतोडणीच्या हंगामात कारखान्याच्या काट्यासमोर रात्रभर रांगेत उभ्या असणाऱ्या ट्रॅक्टरांना चोरीचा धोका विशेष असतो. तेथे चार-सहा चालकांनी आळीपाळीने जागरण ठेवण्याची रीत फार उपयोगी ठरते, व तिला खर्चही नाही.

गाडी उभी करताना टाकीची बाजू भिंतीस किंवा दुसऱ्या गाडीच्या टाकीच्या बाजूस लागेल अशी लावावी. दोन गाड्यांमध्ये माणूस वाकू शकणार नाही इतकेच अंतर ठेवावे. दिव्याखालची जागा मिळाली तर उत्तम. टाकी रात्री भरलेली ठेवावी की अर्धी, असा प्रश्न शेतकरी नेहमी विचारतात. पावसाळ्यात अर्धवट टाकीत दमट हवेतील बाष्प थंड होऊन थोडे पाणी जमते हे खरे. म्हणून घरच्या बंदिस्त वाड्यात गाडी असेल तर संध्याकाळीच टाकी भरावी. परक्या जागी मुक्काम असेल तर खेपेपुरतेच डिझेल ठेवून परतीचे सकाळी भरावे. पातळी अचानक उतरली की भोंगा वाजविणारी व मोबाइलवर संदेश देणारी साधने बाजारात आहेत. एका गाडीच्या धन्याला ती महाग वाटतील. पाच-दहा गाड्या चालविणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपनीने मात्र त्यांचा विचार अवश्य करावा.

चोरी झालीच तर झाकणाला, बुचाला हात न लावता प्रथम छायाचित्रे घ्यावीत, ११२ क्रमांकावर अथवा जवळच्या ठाण्यात कळवावे आणि गावात असल्यास पोलीस पाटलांस बोलवावे. दि. १ जुलै २०२४ पासून अमलात असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीची शिक्षा सांगितली आहे. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी अदखलपात्र धरली जाते, म्हणून किंमत अंदाजाने न सांगता शेवटच्या भरणीची पावती व हिशेबाची वही दाखवून सांगावी. झाकण किंवा इतर वस्तू गेल्या असल्यास त्याही धराव्यात, आणि कापलेली नळी किंवा फोडलेली टाकी हे नुकसान तक्रारीत वेगळे नोंदवावे. एका रात्री एकाच आवारात अनेक गाड्यांचे डिझेल गेले असेल तर प्रत्येकाने आपली तक्रार द्यावी. एकाने दिली म्हणून इतरांनी गप्प बसू नये.

राहता राहिले घरचे डिझेलचे पिंप. गाडीला कुलूप लावून पिंप गोठ्यात उघडे ठेवण्यात अर्थ नाही. पिंप जस्ताचा मुलामा दिलेले नसावे. ते चूल, वैरण व खताची पोती ह्यांपासून दूर, सावलीत, लाकडी ओंडक्यांवर आडवे ठेवावे. बुचाची बाजू किंचित उंच असावी म्हणजे पाणी व गाळ मागच्या बाजूस राहतो. तोटी कुलपाची घ्यावी, काढलेल्या प्रत्येक कॅनची नोंद त्याच वहीत करावी आणि महिन्यातून एकदा पिंपाच्या तळाचा नमुना वर सांगितल्याप्रमाणे काचेच्या बाटलीत घेऊन पाहावा.